काळविटांचा माळ : प्रकल्प नोंदी (जून २०२३ ते नोव्हेंबर २०२४)

६ जून २०२३

काळविटांचा माळ पुन्हा उभा करण्यासाठी हाती घेतलेल्या प्रकल्पाच्या क्षेत्राची पहिली सविस्तर पाहणी आज पूर्ण झाली. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हा सुमारे ४० हेक्टरांचा माळ काही गायरान आणि काही वनजमीन अशा दोन तुकड्यांत विभागलेला असला, तरी कागदोपत्री दोन्हींचे वर्णन एकाच शब्दात आहे : पडीक. या एका शब्दाने माळरानाचे जेवढे नुकसान केले तेवढे बंदुकीनेही केले नसेल, असे माझे मत पाहणीच्या शेवटी झाले. ते घाईचे आहे का, हे पुढील नोंदींतून तपासायचे आहे.

वरच्या उताराचा जवळजवळ तिसरा हिस्सा सलग समतल चरांनी खणलेला आहे आणि चरांच्या काठाने गिरिपुष्पाची दाट लागवड आहे. येथे मुरमावर जेमतेम वीतभर माती आहे. चर खणताना ती उलटीपालटी झाली आणि तिच्यासोबत बहुवर्षायू गवतांचे गड्डेही उखडले गेले. गिरिपुष्पाखाली आज गवताची काडी नाही, गुरे त्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि पक्ष्यांचा आवाजही फारसा नाही. खालच्या बाजूस ओढ्याच्या दोन्ही काठांवर वेड्या बाभळीचे रान माजले असून ते दरवर्षी माळाकडे सरकत आहे. या दोन्हींच्या मध्ये उरलेला साधारण १८ हेक्टरांचा उघडा पट्टा हाच काळविटांचा खरा माळ होय. त्यावर कुसळी या गवताचे प्राबल्य आहे. पवन्या आणि डोंगरी ही चांगली गवते केवळ खडकांच्या कपारींत, म्हणजे जिथे जनावराचे तोंड पोहोचत नाही तिथे, शिल्लक आहेत. कोणे एके काळी हा सबंध माळ कसा असेल याचा पुरावा त्या कपारींनी जपून ठेवला आहे.

१४ जून २०२३

मोजणीच्या पद्धतीबद्दल गेले चार दिवस आमच्यात वाद चालू होता. ठरावीक रेषेवरून चालत जाऊन, दिसलेल्या प्रत्येक कळपाचे अंतर आणि कोन मोजून घनता काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. मात्र विश्वासार्ह आकडा मिळण्यासाठी तिला साधारण ६० ते ८० वेळा कळप दिसावे लागतात, आणि आमच्या माळावर मुळात एक मोठा व दोन लहान कळप आहेत. त्यामुळे गणिताचा डौल बाजूला ठेवून आम्ही सरळ मोजणी स्वीकारली. तीन जणांनी तीन उंचवट्यांवर पहाटे एकाच वेळी बसायचे, दर पंधरा मिनिटांनी दिसेल ते जनावर वय व लिंगासह टिपायचे आणि नंतर तिन्ही वह्या जुळवून दुबार नोंदी काढून टाकायच्या.

आजची पहिली मोजणी : एकूण १९ जनावरे. त्यांत गडद रंगाचे पूर्ण वाढलेले नर ४, तपकिरी रंगाचे तरुण नर ३, माद्या १० आणि पाडसे २. नराचा रंग आणि शिंगांचे पीळ पाहून वयाचा अंदाज करता येतो. लहान नराची शिंगे आरंभी सरळ असतात, पीळ नंतर पडत जातात, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अंगावर तो प्रसिद्ध काळा रंग चढतो. माद्यांना सहसा शिंगे नसतात. गावात मात्र 'काळवीट' हा शब्द फक्त काळ्या नरासाठीच वापरतात, बाकी सगळी 'हरणं'. त्यामुळे कोणी ''दोन काळविटं पाहिली'' असे सांगितले, तर त्या कळपात आणखी दहा जनावरे असू शकतात, हे लक्षात ठेवावे लागते.

२९ जून २०२३

अरबी समुद्रातील 'बिपरजॉय' चक्रीवादळामुळे लांबलेला पाऊस अखेर आला. गेल्या वर्षी कपारींतून गोळा करून ठेवलेले पवन्या, डोंगरी आणि मारवेलचे बी शेणमातीच्या गोळ्यांत घालून वरच्या उताराच्या मोकळ्या केलेल्या पट्ट्यात टाकले. या गवतांचे ताजे बी लगेच रुजत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते, म्हणून गेल्या हिवाळ्यातील बी या पावसाळ्यात वापरले.

उघड्या पट्ट्यापैकी ६ हेक्टरांचा तुकडा आजपासून चराईसाठी पूर्ण बंद केला. तारेचे कुंपण न घालता ग्रामस्थांशी ठराव करून आणि दगडांवर चुना मारून त्याची हद्द दाखवली आहे. काळवीट धावताना झेपा घेते खरे, पण कुंपण दिसले की बहुधा खालून किंवा फटीतून जाण्याचा प्रयत्न करते आणि काटेरी तारेत अडकते, त्यामुळे तारेचा विचार पहिल्याच बैठकीत सोडून दिला होता. चराई थांबली की गवत वाढेल, गवत वाढले की काळवीट येईल, असे आमचे साधे गृहीतक आहे.

२३ जुलै २०२३

चार दिवस भुरभुर चालू असल्याने क्षेत्रीय काम बंद होते. अहवालाच्या प्रास्ताविकासाठी काळविटांच्या ऱ्हासाचा इतिहास जुळवण्यात वेळ गेला. त्याची टिपणे येथेच ठेवतो.

काळवीट ही भारतीय उपखंडातच उत्क्रांत झालेली प्रजाती असून 'अँटिलोप' या प्रजातिकुलातील ती आज एकमेव जिवंत प्रतिनिधी आहे. एके काळी हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत, दाट जंगल आणि वाळवंट वगळता, जवळजवळ प्रत्येक सपाट गवताळ प्रदेशात तिचे कळप होते. मोगलांनी चित्ते पाळून तिची शिकार केली. ती परंपरा आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत टिकली. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानाने ते आफ्रिकेतून मागवले, आणि त्यांना शिकवणाऱ्या घराण्यांना 'चित्तेवान' असे नाव पडले. भारतातील चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावणारे हरीण ज्या शिकाऱ्यामुळे इतके वेगवान झाले असावे, तो शिकारी गेला आणि हरीण मागे राहिले. आता आपल्या माळांवर या वेगाचा पाठलाग करणारे कोणीच उरलेले नाही. लांडगा दमाने आणि डावपेचाने शिकार करतो.

स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आणि सर्चलाइट यांच्या मदतीने झालेल्या शिकारीने संख्या झपाट्याने खाली आणली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण दिले. कायद्याचा परिणाम दिसला : २००१ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार देशात सुमारे ५०,००० काळविटे होती. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली या प्रजातीला 'संकटसमीप' वर्गातून 'कमी चिंतेचा' वर्गात आणले. बांगलादेशातून मात्र ती नाहीशी झाली, आणि पाकिस्तानातून गेल्यावर अमेरिकेतील टेक्सासमध्ये वाढवलेल्या कळपांतून ती पुन्हा आणावी लागली.

'कमी चिंतेचा' हे शब्द देशपातळीवरील बेरजेला लागू आहेत. ही बेरीज ज्या लहान लहान कळपांची आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसऱ्या कळपापर्यंत पोहोचण्याची वाट उरलेली नाही. आमचे १९ त्यांपैकीच. बंदूक बव्हंशी थांबली, पण त्याच पन्नास वर्षांत माळ तुकड्यातुकड्यांनी गेले आणि ते नेणाऱ्यांच्या हातात कुदळ, रोपे आणि चांगला हेतू होता. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आणला, आणि ज्या माळावर पाणी चढू शकले नाही तेथे वृक्षलागवड आली. उसाबद्दल माझी तक्रार नाही, कारण शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर ऊस लावू नये असे सांगण्याचा अधिकार मला नाही. लागवडीबद्दल मात्र तक्रार आहे, कारण तिने ना गावाला सरपण दिले ना गुरांना चारा.

१ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट संपूर्ण कोरडा गेला. हवामान खात्याच्या माहितीनुसार १९०१ पासूनचा हा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट आहे. पेरलेल्या गोळ्यांतून आलेल्या रोपांपैकी बहुतेक करपली. मारवेल पूर्णपणे गेले, डोंगरीची काही रोपे तग धरून आहेत. कपारींतील जुन्या पवन्याला मात्र काहीही झालेले नाही, कारण त्याची मुळे खडकाच्या भेगांतून खोल गेलेली आहेत. गवताळ प्रदेश आपली संपत्ती जमिनीखाली ठेवतो, हे पुस्तकात वाचलेले वाक्य आज कुदळीने तपासून पाहिले. वर वीतभर दिसणाऱ्या एका गड्ड्याच्या मुळांचा शेवट हातभर खणूनही लागला नाही.

१९ सप्टेंबर २०२३

आजच्या नोंदीने आमचे २९ जूनचे गृहीतक अडचणीत आणले आहे. चराईबंद तुकड्यात जुलैच्या पावसावर गवत कमरेपर्यंत आले असून दुष्काळातही ते उभे आहे. शेजारचा चराईचा पट्टा बोटभर उंचीवर खुरटलेला आहे. तरीही गेल्या सहा मोजण्यांत कळप एकदाही बंद तुकड्यात आढळला नाही. लेंड्यांचे ढीगही तेच सांगतात. हद्द राखणारा नर ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून आपला ताबा जाहीर करतो आणि डोळ्यांपुढील ग्रंथीचा स्राव काडीच्या टोकाला लावून ठेवतो. असे सात ढीग आम्ही नकाशावर दाखवले आहेत, ते सातही खुरट्या पट्ट्यात आहेत.

मेंढ्यांचा वाडा घेऊन पावसाळ्यात येथे येणाऱ्या एका वयस्क मेंढपाळाला मी हे कोडे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ''साहेब, हरणाचं डोळं हीच त्याची ढाल हाय. गवतात बुडालेलं हरीण म्हंजी लांडग्याच्या ताटातलं.'' एका अर्थी ही शरमेची गोष्ट आहे, कारण काळवीट उघड्यावर राहून, लांबवर नजर ठेवून आणि पळून जीव वाचवते हे आम्ही सर्वांनी शिकलेले होते, आणि तरीही 'जास्त गवत म्हणजे जास्त हरीण' असे सोपे समीकरण मांडून मोकळे झालो. शिवाय कमरेएवढी जून कुसळी खाण्याच्याही कामाची नाही. चरून परत फुटलेली कोवळी पात काळविटाला हवी असते, आणि ती पात मेंढ्यांच्या मागे येते.

तुकडा लगेच उघडायचा नाही, असे आम्ही ठरवले. एका हंगामाच्या निरीक्षणावर निर्णय फिरवणे म्हणजे पहिली घाई दुसऱ्या घाईने झाकणे होईल.

४ नोव्हेंबर २०२३

राज्य शासनाने ऑक्टोबरच्या अखेरीस ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला असून त्यांत करमाळा आहे. बीसंकलन आटोपले, यंदा ते फार थोडे मिळाले. कुसळीचे कुसळ ओल लागली की उलगडते, सुकले की पिळत जाते आणि टोकाने जमिनीत शिरते. तीच यंत्रणा मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत शिरते, म्हणून मेंढपाळ कुसळ पिकायच्या आत माळ चारून घेतात. त्यांच्या या वेळापत्रकाचा उपयोग पुढील वर्षी करून घेता येईल.

१८ डिसेंबर २०२३

गेल्या पंधरवड्यात कळप चार वेळा हरभऱ्यात उतरला. माळावर हिरवे काही नाही आणि विहिरीच्या पाण्यावर जगवलेला हरभरा रात्री चांदण्यात लांबून दिसतो. एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या वीस गुंठ्यांपैकी जवळजवळ निम्मे शेंडे खुडले गेले. नुकसानभरपाईची तरतूद आहे, मात्र तिच्यासाठी मुदतीत अर्ज, सातबारा आणि पंचनामा लागतो. आज आम्ही त्यांच्यासोबत बसून अर्ज भरला, छायाचित्रे जोडली आणि वनरक्षकांसह पंचनाम्याला उभे राहिलो. हे काम प्रकल्प आराखड्यात कुठेही लिहिलेले नाही. यापुढे ते आराखड्यात घालावे असे मी सुचवले आहे, कारण गावाने काळविटाला आजवर जे सोसले ते उदारपणे सोसले आहे आणि तो उदारपणा गृहीत धरण्याची आपल्याला सवय लागली आहे.

संरक्षणाचा भार कोणावर टाकला जातो, याचे जिल्ह्यातील मोठे उदाहरण माळढोक अभयारण्याचे आहे. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात असंख्य गावे आणि खासगी शेते आल्याने साधे जमिनीचे व्यवहारही अडले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली, आणि पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. माळढोक त्या सगळ्यात वाचला नाही, असेच म्हणावे लागेल. आज याच अभयारण्यातील नान्नजला तो दिसणे ही बातमी होते. त्याच छत्राखाली काळविटे मात्र टिकली.

११ फेब्रुवारी २०२४

ओढ्याकाठी वेडी बाभूळ काढण्याचे काम सुरू आहे. तिची फक्त फांद्यांची तोड केली तर एका खोडाचे दहा फुटवे होतात. म्हणून जमिनीखाली फूटभर खणून, जेथून फुटवे येतात तो बुंध्याचा भाग काढावा लागतो. दिवसाला एका मजुराची दहा-बारा झाडांपलीकडे मजल जात नाही. यंत्र लावण्याचा मोह झाला होता, परंतु यंत्राने माती पुन्हा उलटेल आणि त्याच मातीत बाभळीचे बी अधिक जोमाने उठेल.

ही झाडे १८७७ च्या सुमारास भारतात आणली गेली आणि त्यानंतर सरपण व हिरवळीच्या नावाखाली सर्वत्र पसरवली गेली. त्यांच्या प्रसारात आता काळवीटही सामील आहे. उन्हाळ्यात गवत संपले की ते गोड शेंगा खाते आणि लेंड्यांतून बी उघड्या माळावर नेऊन टाकते. आम्ही नोंदवलेल्या ढिगांपैकी तिनांत बाभळीची रोपे उगवलेली आढळली. ज्या झाडीने त्याचा माळ आवळत चालला आहे तीच झाडी त्याच्या पोटातून पुढे सरकत आहे, आणि दुष्काळात त्या शेंगांवाचून त्याचे चालतही नाही. म्हणून यंदा शेंगा लागलेली झाडे सरसकट न काढता माळाच्या कडेची लहान झाडे आधी काढण्याचे ठरले. ओढ्यातील जुनी झाडे पाऊस पडेपर्यंत राहतील.

१० एप्रिल २०२४

ही नोंद लिहिणे अप्रिय आहे. मार्चमध्ये आम्ही गाडीरस्त्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर सिमेंटचा उथळ पाणवठा बांधला होता. टँकर तेथपर्यंत सहज पोहोचतो, एवढाच त्या जागेमागचा विचार होता. काल पहाटे त्याच्या काठावर एक गाभण मादी मेलेली आढळली. मागच्या मांडीवरील व पोटावरील चावे आणि भोवतालची पावले पाहता हे काम लांडग्याचे नसून कुत्र्यांचे आहे, याबद्दल वनकर्मचाऱ्यांचेही दुमत नव्हते. कॅमेऱ्यात आठवडाभर रोज रात्री पाच ते सात मोकाट कुत्री पाणवठ्यावर येताना दिसत होती. चित्रे आम्ही महिन्याच्या शेवटी एकत्र पाहत असू, म्हणून ती वेळेत कोणी पाहिली नाहीत. शवविच्छेदन व पंचनामा होऊन शव रीतसर नष्ट करण्यात आले.

चूक आमची आहे. रस्त्यालगत हॉटेलांचे उष्टे आणि कोंबड्यांचा टाकाऊ भाग पडतो, त्यावर कुत्री पोसली जातात, हे आम्हाला माहीत होते. पाणी त्यांच्या वाटेवर नेऊन ठेवले ते आम्ही. लांडग्याचा दाब कळपाला सावध आणि विखुरलेला ठेवतो. कुत्र्यांची टोळी मात्र पोट भरलेले असतानाही पाठलाग करते, आणि उन्हाळ्यात अशक्त झालेल्या, पाण्याला बांधल्या गेलेल्या कळपाला तिच्यापासून सुटका नसते.

तातडीने केलेले बदल : पाणवठा आज रिकामा केला. माळाच्या मध्यभागी, चहूकडे दोनशे पावले उघडी नजर पोहोचेल अशा खोलगट खडकाळ जागी दोन लहान पाणवठे केले. तेथे टँकर जात नसल्याने बैलगाडीने पिंपे न्यावी लागतील. कॅमेऱ्यातील चित्रे यापुढे दर तिसऱ्या दिवशी पाहिली जातील.

१२ मे २०२४

नव्या पाणवठ्यांवर कळप सकाळी नऊच्या सुमारास येतो. महिनाभरात कुत्री एकदाच दिसली. मोजणी : १६. गेल्या जूनच्या तुलनेत तीन कमी. एक मादी कुत्र्यांनी मारली, एक तरुण नर कठडा नसलेल्या विहिरीत पडून मेला, तिसऱ्याचा पत्ता नाही. परिसरातील अशा अकरा विहिरींची यादी केली असून चार मालकांनी स्वखर्चाने काट्यांचे कुंपण घालण्याची तयारी दाखवली आहे. त्यांतील एक, ज्यांचा हरभरा गेला होता तेच शेतकरी आहेत.

१७ जून २०२४

यंदा पाऊस जूनच्या पहिल्याच पंधरवड्यात आणि भरघोस आला. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे लांबलेली ग्रामस्थांची बैठक आज झाली. मेंढपाळ, गुराखी आणि संयुक्त वनव्यवस्थापन समितीचे सदस्य मिळून तीस-पस्तीस जण होते. गेल्या सप्टेंबरमधील निरीक्षणावरून आम्ही सुधारित आराखडा मांडला : माळ कायमचा बंदही नको आणि कायमचा उघडाही नको. उघड्या पट्ट्याचे चार भाग करून पावसाळ्यात मेंढ्या एका वेळी दोनच भागांत चारायच्या, पंधरा दिवसांनी बदलायचे आणि एक भाग दरवर्षी आळीपाळीने बी पिकेपर्यंत राखायचा. राखलेल्या भागातील गवत दिवाळीनंतर कापून गावाने वाटून घ्यायचे.

बैठकीत कोणालाही ही कल्पना नवी वाटली नाही. माळ राखून, मग गवत कापून, मग चारायला सोडण्याची रीत चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत येथे होतीच, असे दोन-तीन वृद्धांनी सांगितले. आम्ही ती इंग्रजी शोधनिबंधांतून फिरून गावात परत आणली एवढेच. एका तरुणाने मात्र रोखठोक प्रश्न विचारला : हरीण वाढले तर हरभरा कोण राखणार? यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. रब्बीच्या दोन महिन्यांत माळाला लागून असलेल्या शेतांसाठी सामुदायिक राखणदार नेमायचा आणि त्याचे मानधन प्रकल्पातून द्यायचे, एवढे तूर्त मान्य झाले. प्रकल्पाची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

२५ ऑगस्ट २०२४

राखलेल्या उंच गवतात आज सकाळी एक पाडस सापडले. सापडले म्हणण्यापेक्षा, त्याच्यावर पाय पडता पडता वाचला. ते मान जमिनीला टेकवून, कान मागे दाबून निश्चल पडून होते आणि दोन हातांवरूनही पिवळ्या गवतापासून वेगळे दिसत नव्हते. आम्ही छायाचित्र न काढता आलो त्याच पावली मागे फिरलो. अर्ध्या तासाने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा खुरट्या पट्ट्यात चरणारी एक मादी कळपातून बाजूला होऊन गवताच्या कडेशी आली, थोडा वेळ चौफेर पाहत उभी राहिली आणि मग आत गेली.

गेल्या वर्षी कळपाने नाकारलेला तुकडा याच कामासाठी हवा होता, हे तेव्हा आम्हाला दिसले नाही. विण्याच्या काळात आणि पुढील काही दिवस मादी पिल्लाला दडवून ठेवते, त्यासाठी उंच गवत लागते. स्वतः चरायला, पळायला आणि नराला हद्द मांडायला मात्र तिला उघडा, आखूड गवताचा माळ लागतो. एकसारखा राखलेला आणि एकसारखा चारलेला, हे दोन्ही माळ तिला अपुरेच पडतात. २०२३ मध्ये दुष्काळामुळे पाडसे फारशी झालीच नव्हती, म्हणून बंद तुकडा निरुपयोगी असल्याचा आमचा ग्रह झाला. सप्टेंबरमध्ये तो उघडून टाकला असता तर आजची नोंद झाली नसती.

खबरदारी : गवतात पडलेले पाडस 'एकटे सापडले' म्हणून उचलून आणण्याचे प्रकार दरवर्षी होतात. शाळेतील मुलांना आणि गुराख्यांना पुढील आठवड्यात समजावून सांगायचे आहे की ते हरवलेले नसते.

६ ऑक्टोबर २०२४

तिघे जण रेहेकुरीला जाऊन आलो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या लहान जागेने काळविटांना आधार दिला, ही कौतुकाची गोष्ट आहे. जागा अपुरी पडते हेही उघड आहे, कारण जनावरे भोवतालच्या शेतांत सर्रास फिरताना दिसतात आणि त्यांची हद्द नकाशावरील रेषेवर थांबत नाही. गुजरातमधील वेळावदरशी तुलना करण्याचा मोह होतो. भावनगर संस्थानाने राखलेल्या गवताच्या 'विडी'वर १९७६ साली उभे राहिलेले ते राष्ट्रीय उद्यान सुमारे ३४ चौरस किलोमीटरांचे आहे. महाराष्ट्राच्या दख्खनी भागात तेवढा सलग माळ आता एका जागी मिळणे कठीण आहे. आपल्याला लहान तुकड्यांचे जाळेच विणावे लागेल. आमचा माळ आणि ईशान्येकडील पुढचा कळप यांत साडेचार किलोमीटरांचे अंतर असून मध्ये दुसऱ्या गावाचे एकच गायरान आहे.

२४ नोव्हेंबर २०२४

विधानसभा निवडणूक आटोपल्यानंतरची पहिली मोजणी : एकूण २१. गडद नर ४, तरुण नर ३, माद्या ९, पाडसे ५. जून २०२३ पेक्षा दोनच जास्त आहेत आणि चांगल्या पावसाच्या एका वर्षाचे श्रेय प्रकल्पाने घेऊ नये, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. वरच्या उतारावर दुसऱ्या पेरणीतील डोंगरी आणि पवन्याने जागा धरली असून चरांच्या उलटलेल्या मातीवर मात्र अजूनही तणच आहे. राखलेल्या भागाचे गवत कापून झाले. एकवीस घरांना पेंढ्या मिळाल्या आणि वाटपावरून भांडणही झाले, तेव्हा पुढील वर्षी मोजमापाची पद्धत आधी ठरवावी लागेल.

दुपारी परतताना मधल्या गायरानावरून आलो. तेथे चुन्याने ओळी आखलेल्या होत्या आणि ओळींवर समान अंतराने खड्ड्यांच्या खुणा होत्या. चौकशी केल्यावर पुढील पावसाळ्यासाठी रोपलागवडीचा प्रस्ताव असल्याचे समजले. प्रस्तावात जागेचे वर्णन पडीक असे आहे. त्याच गायरानावर ओळींच्या मधोमध काळविटाच्या लेंड्यांचा एक ताजा ढीग होता, त्याचे स्थान आणि छायाचित्र नोंदवले. उद्या सकाळी अकरा वाजता त्या गावच्या सरपंचांची भेट ठरली आहे. सोबत नेण्याच्या वस्तू : दोन्ही वर्षांचे मोजणीचे तक्ते, नकाशा, गवतवाटपाची यादी आणि पवन्याची एक पेंढी.